पडद्याआडून ऐकलेली मालिका

आप्पा, तुमची रविवारची ती मालिका लोकांना पुन्हा हवी आहे. नुसती हवी नाही, धुऊनपुसून, आताच्या मोठ्या टीव्हीवर माणसाच्या कपाळावरचा घाम दिसेल इतकी स्पष्ट करून हवी आहे. त्याला एचडी म्हणतात. देशभरातल्या लोकांनी मोबाईलवर एक ग्रुप काढला आहे. कोणी बँकेत, कोणी डॉक्टर, सगळे पन्नाशीच्या आसपासचे. ते वाहिनीला अर्ज लिहितात, आणि आपसात भांडतात की अमक्या भागात यानावरचा दिवा लाल होता की पिवळा. या सगळ्यांच्या पुढे कोण आहे माहीत आहे? आपली धाकली. पुण्यात बसून ती हे सगळं चालवते. मला कळलं ते माझ्या मुलीकडून. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "मम्मी, जो ने, बघ, मावशी तुझ्या पप्पांबद्दल बोलतेय."

धाकली त्या व्हिडिओत सांगत होती, "माझे वडील सुरतेच्या एका मिलमध्ये कामाला होते. दहावीच्या पुढे त्यांना शिकता आलं नाही. पण दर रविवारी मला मांडीवर घेऊन ते अंतराळ समजावून सांगायचे. मी आज जी आहे ती त्या मांडीमुळे." खाली लोकांनी लिहिलं होतं, असे वडील सगळ्यांना मिळोत. कोणी हात जोडले होते, कोणी रडणारी तोंडं टाकली होती. मी सगळं वाचलं, एकूण एक. मला रडू आलं नाही. त्या अनोळखी माणसांचा हेवा वाटला. त्यांच्या वाट्याला जे आप्पा आले ते माझ्या वाट्याला आले नव्हते.

लिंबायतची आपली खोली मला आजही जशीच्या तशी दिसते. एकच खोली, मधोमध आईच्या जुन्या साडीचा पडदा. पडद्याच्या अलीकडे टीव्ही, खाट आणि तुम्ही. पलीकडे स्टोव्ह, पाण्याचा पिंप आणि खिडकीच्या उजेडात बसलेल्या आम्ही दोघी, आई आणि मी. पुढ्यात साड्यांचा गठ्ठा. एम्ब्रॉयडरीच्या साडीला मागच्या बाजूने धागे लोंबतात, ते एकेक कापायचे. सोमवारी सकाळी गठ्ठा परत न्यायला माणूस यायचा, म्हणून रविवार आमचा कामाचा. तुमचा मात्र सुट्टीचा. तुम्ही अंघोळ करून, केसांना तेल लावून खाटेवर बसता, स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवता, कारण मालिका तुम्हाला आठवडाभर जेवताना पुन्हा ऐकायची असते. मग हाक येते, "धाकली, ये वं." ती सात वर्षांची, मी बारा. ती पळत जाते. मी कातर चालवत राहते.

दूरच्या एका ग्रहावरच्या चौकीत पाच माणसं अडकली आहेत आणि पृथ्वीशी त्यांचा संपर्क तुटला आहे, एवढं मला आवाजावरून कळलं होतं. त्यातल्या म्हाताऱ्याचा आवाज खर्जातला, डॉक्टरीणबाईंचा थोडा नाकातला. दरवाजा उघडताना वाफ सुटल्यासारखा सूंऽऽ असा आवाज यायचा. एकदा तो दरवाजा बराच वेळ उघडत राहिला आणि सगळे गप्प झाले. मला राहवलं नाही. हातातली साडी तशीच घेऊन मी पडदा बाजूला केला. मला टीव्हीची कड दिसली, तुमची पाठ दिसली आणि तुमच्या गुडघ्यावरची धाकलीची वेणी दिसली. तुम्ही वळून पाहिलंत. "तुले काय समजी त्यामा? जाय, मायले हात लाव." तुम्ही ओरडला नाहीत, सहज बोललात. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी पडदा सोडला. त्यानंतर मी तो कधी उघडला नाही.

त्याच वर्षी दिवाळीला तुम्ही धाकलीला यान करून दिलंत. मिलमधून आणलेले सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन एकावर एक चिकटवून, वर चंदेरी कागद. तिने ते चाळीभर मिरवलं. मला तुम्ही नवी कातर आणलीत, लहानशी, बोटांत बसणारी. "हाई तुनी सोतानी," म्हणालात, म्हणजे माझी स्वतःची. आई म्हणाली, बघ, किती चांगली आणली. चांगलीच होती, खोटं कशाला बोलू. पण मी ती हातात धरून यानाकडे बघत होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. धाकली इंजिनीअर झाली आणि पुण्याला गेली. माझं लग्न सुरतेतच झालं. हे इच्छापोरला कंत्राटी कामावर लागले आणि मी मार्केटमध्ये साड्यांच्या चेकिंगला. आई गेल्यावर तुम्ही डिंडोलीला माझ्याकडे आलात आणि शेवटची सहा वर्षं माझ्याकडेच राहिलात. तुमची वाफ, तुमची औषधं, तुमच्या खोकल्याचे ओले रुमाल, सगळं मी केलं. उपकार म्हणून सांगत नाही. त्या सहा वर्षांत तुम्ही माझ्याशी भाजीबद्दल बोललात, पावसापाण्याबद्दल बोललात, गावाकडच्या भावबंदांबद्दल बोललात. एकदा तुमची पाठ चोळताना मी धीर करून विचारलं, "आप्पा, त्या मालिकेत शेवटी काय होतं? ते लोक घरी जातात का?" शेवटचे दोन भाग आले तेव्हा मी मामाकडे बारडोलीला होते, आणि टेपरेकॉर्डर बिघडल्यामुळे ते कॅसेटवरही नव्हते. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "धाकलीले इचार." मी तिला कधीच विचारलं नाही.

मग गेल्या वर्षी तिचा फोन आला. मालिका काढणाऱ्यांच्या गोदामात फिल्मची रिळं सापडली होती. चित्र साफ करता येणार होतं, पण बऱ्याच भागांचा आवाज पार गेला होता. कोणाच्या घरी जुनं रेकॉर्डिंग असेल तर त्यावरून आवाज नव्याने बसवता येईल, असं तिच्या ग्रुपमधल्या एका जाणकाराचं म्हणणं होतं. "ताई, आप्पांच्या कॅसेटा तुझ्याकडे असतील ना गं?" मी ओट्यापाशी उभी होते. माझ्या डोक्यावरच्या माळ्यात तुमची पत्र्याची पेटी होती आणि पेटीत कॅसेटा. मी म्हणाले, "पुरात गेल्या." सुरतेत हे कोणालाही पटतं. तिलाही पटलं. ती म्हणाली, "असू दे. तू तरी काय काय सांभाळणार?" तिच्या त्या समजूतदारपणाचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुमचा टेपरेकॉर्डर घेऊन उधन्याला एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने झाकण उघडून आत फुंकर मारली आणि हसला. "बेन, हवे आ कोण वगाडे छे?" मी म्हणाले, मी वाजवते. त्याने पट्टा बदलून दिला. घरी कोणी नव्हतं. मी दार लावलं आणि पेटीतली एकेक कॅसेट ऐकत बसले. आधी मालिका सुरू होते, तिच्या मागे चाळीतला नळ, कोणाची तरी हाक, आणि मध्येच तुमचा आवाज. "हाऊ म्हातारा खोटं बोली राहिना, दख." धाकली काहीतरी विचारते, तुम्ही सांगता. किती सांगत होतात हो आप्पा! गुरुत्वाकर्षण म्हणजे काय, चंद्रावर हवा का नाही, न कंटाळता, पुन्हा पुन्हा. मी भिंतीला टेकून ते सगळं ऐकत होते आणि पन्नाशीच्या बाईला सात वर्षांच्या पोरीचा हेवा वाटावा याची मला लाजही वाटत नव्हती.

एका कॅसेटमध्ये, मधेच कुठेतरी, तुम्ही म्हणता, "आवाज वाढाव." धाकली म्हणते, "का? ऐकू येतंय की." आणि तुम्ही म्हणता, "मझार ऐकू जात नही." मझार, म्हणजे आत. म्हणजे पडद्याच्या मागे. मग बटण फिरवल्याचा आवाज येतो आणि म्हाताऱ्याचा खर्ज एकदम खोलीभर होतो. मी ते पाच-सहा वेळा मागे नेऊन ऐकलं. आत आई पण होती, पण आईला त्या मालिकेचं काही नव्हतं, ती कामात कधी मानही वर करायची नाही. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी ऐकते हे तुम्हाला माहीत होतं. माझ्यासाठी तुम्ही आवाज वाढवलात आणि तरी पडदा सरकवला नाहीत. त्या दुपारी मला तुमची माया आली की तुमचा संताप, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पंधरा दिवसांनी धाकली कामासाठी सुरतेला आली. मी शेवभाजी केली होती. जेवताना तिने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "तिसऱ्या भागाचा आवाज फार फाटलाय. म्हातारा खिडकीपाशी उभा राहून काहीतरी बोलतो, कोणालाच लागत नाही." भाकरी मोडता मोडता मी म्हणाले, "इथे सकाळ कधी होते ते मला समजत नाही, म्हणून मी घड्याळ घरच्याच वेळेला ठेवलंय." आणि त्यापुढचंही म्हटलं, डॉक्टरीणबाईंचं उत्तर, मग पुन्हा त्याचं, तो दरवाजा वाजेपर्यंतचं सगळं. डोकं वर केलं तर धाकलीचा घास हातातच होता.

"तुला कसं माहीत? तू तर कधी बघायलाच यायची नाहीस."

"मी यायची नाही?"

"आप्पा म्हणायचे, ताईला असलं आवडत नाही. मी एकदा म्हटलं होतं, ताईला बोलावू? तर म्हणाले, नको, तिला नाही आवडत."

मी तिला कातरीचं सांगितलं, पडद्याचं सांगितलं, तुम्ही काय म्हणालात ते सांगितलं. ती हळूच म्हणाली, "ताई, मला त्यातलं काही समजायचं नाही गं. त्या दरवाजाची भीती वाटायची. पण उठून गेले असते तर त्यांना वाईट वाटलं असतं." तिचं खोटं नसावं. पण मला तिची दया आली नाही. न समजता ती तिथे बसली होती आणि सगळं समजून मी आत होते, एवढंच मनात आलं. तरी मी उठले, स्टूल घेतलं आणि माळ्यावरची पेटी खाली काढली. "पुरात गेल्या नव्हत्या," मी म्हणाले. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने पेटीवरची धूळ पदराने पुसली आणि कॅसेटवरचं तुमचं अक्षर बघत बसली.

मागच्या महिन्यात पहिला भाग तयार होऊन आला. त्या जाणकाराने कॅसेटवरचा चाळीतला नळ काढून टाकला, तुम्हालाही काढून टाकलं. नुसती मालिका उरली. मुलीने ती टीव्हीला जोडून दिली आणि मी सोफ्यावर, अगदी समोर, बसले. आप्पा, त्या लोकांना आणखी स्पष्ट बघायचं होतं, मी तर पहिल्यांदाच बघत होते. म्हातारा म्हातारा नव्हताच, पांढरा रंग लावलेला तरुण माणूस होता. सूंऽऽ आवाजाचा तो दरवाजा प्लायवूडचा होता, कडेला रंगाचे ओघळ दिसत होते. आणि कप्तानाच्या बाहीला, शिवणीपाशी, एक न कापलेला धागा लोंबत होता. इतका स्पष्ट की माझी बोटं आपोआप हलली. मुलगी म्हणाली, "मम्मी, हसतेस काय?" मनात म्हटलं, यापेक्षा माझी चौकी कितीतरी मोठी होती.

धाकलीचा परवा पुन्हा फोन आला होता. सगळ्या भागांचे आवाज जमले, एकच राहिलाय, म्हणाली. ग्रुपमधले लोक देशभर शोधताहेत. "ताई, पेटीत आणखी एखादी नव्हती ना गं?" मी म्हणाले, नाही. ती आहे, आप्पा. धाकलीपुढे पेटी खाली काढण्याआधीच मी ती बाजूला काढली होती. माझ्या कपाटात ब्लाउजपिसांच्या खाली आहे. ती दिली तर आवाज वाढवायला सांगणारे तुम्ही आधी पुसले जाल आणि मग ती सगळ्यांची होईल. धाकली आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येणार आहे, तेव्हा देईन असं मी ठरवलंय. दिवाळीला ती आली होती, तेव्हाही असंच ठरवलं होतं.