वायर काढल्यावर

३ ऑगस्ट

रियाजला जाऊन महिना होत आला. आज चाकूरच्या दवाखान्यात बिघाड काढायला पहिल्यांदाच एकटा गेलो. गाडीत शेजारच्या सीटवर बॅग ठेवली — रिकामी बघवेना.

तिथल्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं. दोन्ही जोडून एक केलेली, म्हणजे एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर काम चालतं. ते टीमिंग रियाजचं, वायरी माझ्या — भागीदारीत असंच ठरलेलं. आता दवाखान्यानं नवा अँटिव्हायरस टाकलाय, आणि एक वायर काढली की सगळंच बंद! डॉक्टर गुरुपादप्पा रागावले नाहीत, चहा पाजला. तेच जास्त लागलं.

४ ऑगस्ट

नाही जमलं.

६ ऑगस्ट

बायकोनं, मंजुश्रीनं, जेवताना विचारलं, दुकानाच्या पाटीवरून रियाजभाईंचं नाव काढणार का? मनाशी ठरवलं, चाकूरचं जमलं नाही तर दोन्ही नावं काढायची. मला एकट्याला हा धंदा नको.

९ ऑगस्ट

सापडलं! अँटिव्हायरस दोन्ही कार्डांना वेगवेगळा चिकटून बसला होता. जोड तोडल्याशिवाय इलाज नव्हता, आणि मी इतके दिवस वरवर खटपट करत राहिलो — रियाजनं जोडलेलं तोडायला हातच होईना. आज तोडलं. तिथंच रडलो. मग कार्डं मोकळी केली, पुन्हा जोडली, अँटिव्हायरस फक्त जोडावर बसवला.

पण तपासायचं कसं? तपासणीच्या दिवशी मी चाकूरला वायर काढायचो, रियाज लातूरला घरी बसून लॅपटॉपवर बघायचा. लगेच मेसेज यायचा — ‘चालू हाय.’ लॅपटॉप त्याच्या घरीच आहे. आबेदाभाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

१० ऑगस्ट

शेवटी दुपारी चाकूरहून फोन केला. लॅपटॉपवर काय बघायचं ते समजावू लागलो. भाभींनी मधेच थांबवलं. म्हणाल्या, “वायर काढा.”

काढली. रियाजच्या नंबरावरून मेसेज आला — ‘चालू हाय.’

मोबाईल हातात धरून खाली बसलो.

११ ऑगस्ट

भाभींना विचारलं, न सांगता कसं कळलं. म्हणाल्या, “ते तर तवा जेवत बसायचे. लॅपटॉप बघून मेसेज मीच धाडत होते, वीरेशभाई. पहिल्यापासून.”

पाटी राहू दे.