इतिवृत्तात चिकटवलेलं पान

गुरुवार, ९ मार्च २०२३

आधी या वहीची माफी मागते. सात महिने तिच्यात एक ओळ लिहिली नाही. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायची छाती नव्हती. सोमवारी माझं पित्ताशय काढणार आहेत, म्हणून आज हिच्यातच मृत्युपत्र लिहिते.

मी, वय सेहेचाळीस, अविवाहित, पदवीधर, व्यवसाय पुस्तकबांधणी, चर्चच्या मंडळीची बाप्तिस्मा घेतलेली सभासद, पूर्ण शुद्धीवर असून, कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. रागात आहे, हे खरं. पण राग म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे, असं डॉक्टरांकडून खात्री करून घेतली आहे.

१. खालचं दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या पुतणीला मिळाव्यात. तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या दादाचा, त्यावर काडीचाही हक्क राहणार नाही.

२. पुस्तकं दाबायचा शिकंजा, कागद कापायचं यंत्र, टोचे, सुया हेही पुतणीलाच. तिने एक ध्यानात ठेवावं: दुमडून शिवलेल्या जुडीतली पानं जोडीने असतात. एक कापलं की शिवणीपलीकडचं त्याचं जोडीदार पान सैल होतं. कापणाऱ्याला हे ठाऊक नसतं, बांधणाऱ्याला असतं.

मला कळलं ते असंच. गेल्या वर्षी चर्च कमिटीच्या इतिवृत्ताचं जुनं पुस्तक बांधणीला आलं. एक पान सैल होतं, आणि त्याच्या जोडीदाराची शिवणीपाशी बोटभर पट्टीच उरली होती. मागच्यापुढच्या तारखा पाहिल्या. अकरा वर्षांपूर्वीची सभा. त्या सभेत कबरस्तानाच्या राखणदाराच्या विधवेला चर्चमागची खोली हयातभर राहायला दिली होती. आम्ही तिला मावशी म्हणतो. तेव्हा इतिवृत्त आमचे बाबा लिहीत; ते आता हयात नाहीत. त्या दिवशी घरी येऊन त्यांनीच हे सांगितलं होतं. पुस्तक चर्च चालवणाऱ्या पाळकांच्या कपाटात असे, किल्ली एकच. आणि पाळकांना ती खोली मेहुण्याच्या ऑफिससाठी हवी होती.

चुकलेल्याकडे आधी एकट्याने जावं असं शास्त्रात सांगितलंय, तशी एकटी गेले.

"पाळकसाहेब, एक पान कापलेलं आहे."

"बाई, तुम्ही पुठ्ठे चिकटवा. मेंढरांनी मेंढपाळाला वाट दाखवू नये."

"आणि मेंढपाळच म्हातारं मेंढरू हाकलायला लागला तर?"

"देवाच्या अभिषिक्ताशी बोलताय. जीभ सांभाळा."

३. माझ्या दादाला माझा चहाचा मोठा कप द्यावा. तोंड झाकायला बरा पडतो. दुसऱ्या वेळी साक्षीदार न्यायचा असतो, म्हणून त्याला नेलं. त्या सभेला तो हजर होता. जिन्यावर म्हणाला, "तू बोल गं, मी आहे ना." आत गेल्यावर कप तोंडाला लावून म्हणाला, "अकरा वर्षं झाली. मला काही नीटसं आठवत नाही."

बाहेर आल्यावर मी जिन्यावर त्याची वाट अडवली.

"अशी बघू नकोस. पोरीचं लग्न याच चर्चमध्ये लावायचंय मला. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

४. माझ्या दफनाच्या वेळी या पाळकांनी प्रार्थना करायला हरकत नाही. माझ्या स्वभावाविषयी मात्र एक शब्दही बोलू नये. सलग तीन रविवार त्यांनी 'अधिकाऱ्यांच्या अधीन राहा' यावर उपदेश केला आणि तिन्ही वेळा माझ्या बाकाकडे पाहिलं. अधीन राहायचं हे मलाही मान्य आहे. पण एका म्हातारीला बेघर करणाऱ्यापुढे गप्प बसणं ही अधीनता नव्हे, ती भागीदारी आहे. त्यांना विरोध केला याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पण त्याच महिन्यात त्यांनी माझ्याकडून शास्त्रवाचन काढून घेतलं होतं. माझ्या या विरोधामागे मावशी किती आणि माझी खुन्नस किती, हे मी सात महिने पाखडते आहे. वेगळं निघत नाही.

५. सोबतचं बंद पाकीट माझ्या मृत्यूनंतर पुतणीने मंडळीपुढे वाचावं. त्यात असं आहे: दादा गप्प बसल्यावर मी त्याच पुस्तकाच्या शेवटचं कोरं पान काढलं, बाबांच्या अक्षरात तो ठराव लिहिला आणि उरलेल्या पट्टीला चिकटवला. माझं अक्षर त्यांच्यासारखंच आहे. ठराव खरा, पान खोटं.

ऑगस्टच्या सभेत मी ते दाखवलं. पाळक ओरडले, "हे बनावट आहे!" मी उभी राहून म्हटलं, "तुम्ही खोटं बोलताय." सगळं सभागृह माझ्या बाजूने झालं. खरं पान त्यांनीच कापलं असल्यामुळे हे बनावट आहे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं; पण कसं ठाऊक, हे सांगता येत नव्हतं. त्यांचा तो चेहरा पाहून मला आनंद झाला. मावशीची खोली वाचली. आता येत्या रविवारी त्यांना काढण्यासाठी मतदान आहे, पुरावा तेच पान. गुहेत सापडलेल्या राजाच्या झग्याचा नुसता काठ कापला तरी ज्याचं मन त्याला खात राहिलं, त्याची बायबलातली गोष्ट मी रविवारच्या शाळेत मुलांना वर्षानुवर्षं शिकवली आहे.

एवढं लिहिलं तोच मावशी आली, तिला सगळं सांगितलं.

"सात महिने निवांत झोपले मी," म्हणाली. "तुझा दादा तिथंच बसला होता ना? त्याचं तोंड उघडायचं सोडून तू सरस लावत बसलीस?"

"खोली गेली तर माझ्याकडे या, मावशी."

"तुझी नको. माझीच पाहिजे. नवरा समोर पुरलाय माझा." दारातून वळून म्हणाली, "आणि ते पाकीट मेल्यावर उघडणार होय? शहाणीच आहेस. तोवर तो माणूस घालवलेला असेल, आणि जाब विचारायचा कुणाला, तर कबरीला."

कलम ५ रद्द. पाकीट फाडलं; रविवारी मतदानाआधी मी स्वतःच सांगणार. मेल्यावर दिलेल्या कबुलीची मला काहीच किंमत मोजावी लागत नाही. खोट्या पानाखाली कापल्याची पट्टी अजून आहे, त्या सभेला हजर असलेला दादा जिवंत आहे. त्यांच्या जोरावर खोली टिकली तर टिकली. कदाचित नाही टिकणार. कदाचित हाच माणूस आणखी दहा वर्षं उपदेश करील आणि मला ऐकावा लागेल.

६. बँकेतली ठेव मावशीला मिळावी. ती नको म्हणेल. तरीही द्यावी.

साक्षीदार:
(सही) शेजारचे चष्मेवाले. सही करताना म्हणाले, "अहो, पित्ताशय जाणार आहे, तुम्ही नाही."
(सही) समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. काही न विचारता.

(सही) लिहिणारी
ठिकाण: दुकानाची मागची खोली. तारीख वरीलप्रमाणे.

उद्या: पाळकांच्या घरी जाऊन त्यांची क्षमा मागणे. पानाबद्दल. खोलीबद्दल नव्हे.