आईला उन्हात न्यायचं आहे

अण्णा, काल आईनं कन्याकुमारीला जायचं म्हटलं. तुम्हाला सांगावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले आहे. इतक्या वर्षांत तुम्हाला कधी काही सांगावंसं वाटलं नव्हतं, हेही लगे हात सांगून टाकते. रागावू नका. मला बऱ्याच गोष्टी वाटत नाहीत, त्यातलीच ही एक.

तुमचं सहलींचं दुकान आता दौलतगंजात आहे. बस आपण केव्हाच बंद केली. लोक विमानानं जातात, मी कॉम्प्युटरवर सगळं जुळवून देते: विमान, हॉटेल, विमानतळावर न्यायला येणारी गाडी. ग्वाल्हेरात नोव्हेंबर संपत आला की रांग लागते. "मैडम, जनवरी में कहीं गरम जगह बताइए, बस धूप चाहिए," असं म्हणत लोक टोपी न काढताच खुर्चीत बसतात. कुणाला गोवा लागतो, कुणाला दुबई, नव्या लग्नाच्या जोडप्यांना बँकॉक. मी विचारते, सोबत लहान मूल आहे का, म्हातारं कुणी आहे का, जिने चढवतात का. मग सगळं नीट लावून देते. लोक खूश होऊन परत येतात, फोटो दाखवतात, मी "वा" म्हणते. कुठला समुद्र कुठला हे मला फोटोंत ओळखता येत नाही. प्रत्यक्ष मी एकही पाहिलेला नाही.

विचारायचं काय, हे मी तुमच्याकडूनच शिकले. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही बिर्लानगरच्या क्वार्टरांतली माणसं गोळा करून हिवाळ्यात दक्षिणेची बस काढायला लागलात, ते दिवस मला स्वयंपाकघरासकट आठवतात. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही फरशीवर खडूनं बस आखली आहे, आणि प्रत्येक सीटवर एकेक शेंगदाणा ठेवता आहात. तुमचा नियम सगळ्या क्वार्टरांत पाठ होता. बस दक्षिणेला निघाली की सकाळी दाराकडच्या बाजूला ऊन येतं आणि दुपारी ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणून जेवण झालं की सगळ्यांनी बाजू बदलायची, म्हणजे धुक्यात गारठलेल्या, सकाळी दाराकडे बसवलेल्या म्हाताऱ्यांना दुपारीही ऊन मिळेल. नर्मदा ओलांडली की हेच उलटं. तिथून पुढे ऊन कुणालाच नको, सावलीसाठी बाजू बदलायची. तुम्ही पुलावर ओरडायचात म्हणे, "चलो, स्वेटर उतारो!" आणि तिथंच भांडणं सुरू व्हायची, कारण आयुष्यभर हिवाळ्यात उन्हाकडे सरकत आलेल्या बायांना सावलीकडे सरकायचं हे पटायचंच नाही. एकदा मी गाडी लागणाऱ्या एका काकूंचा दाणा मागच्या सीटवर ठेवला, तर तुम्ही केवढे चिडलात. "झाशी येईपर्यंत तिचे काय हाल होतील? तूच बस एकदा मागं, म्हणजे कळेल." मी रडत दाणा उचलून पुढे ठेवला. आई लाटणं थांबवून एखादा दाणा तोंडात टाकायची आणि म्हणायची, "घ्या, एक सवारी उतरली." आणि दर वर्षी एकदा तरी विचारायची, "माझा दाणा कुठंय यात?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "पुढल्या वर्षी."

आपली इकडची मराठी माणसं देशावर, महाराष्ट्रात निघाली की कुलदैवत आणि नातेवाईक, एवढंच करून परत येतात. तुम्ही मात्र त्यांना थेट समुद्रापर्यंत न्यायचात. त्याचं मला फार कौतुक होतं. आईला नव्हतं.

मग तो फोन आला. बसबरोबरचे स्वयंपाकी कन्याकुमारीहून बोलत होते. "दीदी, अण्णाजी सुबह उठे ही नहीं." मी विचारलं, "सवारियों ने चाय पी?" इकडे घरात आत्या होती, ती म्हणाली, पोरीचं काळीज दगडाचं आहे. मला खरंच तेच विचारावंसं वाटलं होतं. तुम्ही असतात तर तुम्हीही तेच विचारलं असतंत. दहन तिथंच उरकलं. बस परतली तेव्हा शेजारच्या काकांनी तुमचा मफलर आणि लाल फडक्यात बांधलेला कलश आईच्या हातात दिला, आणि सगळी माणसं आपापलं सामान आवाज न करता उतरवत राहिली. मी त्यांना सामान उतरवू लागले. रडले नाही. नंतरही नाही. पुढं पुढं ते तसंच राहिलं, आनंदाचंही तेच झालं, आणि मला त्याची सवय झाली. कुणी कन्याकुमारी मागितली की मी आजही सांगते, तिकडे फार गर्दी असते, त्यापेक्षा केरळ बघा. लोक ऐकतात.

या हिवाळ्यात आईची छाती पहिल्या धुक्यातच भरली. शिंदे की छावनीच्या घरात ऊन जेमतेम गच्चीत येतं, आणि तिला आता जिना चढवत नाही. डॉक्टर म्हणाले, थंडी सरेपर्यंत कुठं तरी गरम ठिकाणी ठेवा. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, पुढच्या हिवाळ्याचं आत्ता काही बोलू नका. मी "बरं" म्हटलं आणि दुकानात जाऊन गिऱ्हाइकाचं करते तसं तिचं काम करायला बसले. गोवा काढला, कोची काढलं, मुंबईही काढली, कारण तिथं दवाखाने जवळ. माझ्याकडे काम करणारी भाची म्हणाली, "मावशी, आजीला गोवाच दाखव ना, एकदम समुद्र के सामने रूम मिल रहा है." मी सगळे कागद छापून काल आईपुढं ठेवले.

आईनं चष्मा लावून ते पाहिले. "कन्याकुमारी नाहीये यात?"

"तिथं काय आहे आई? एका दिवसात बघून होतं."

"मला बघायचं नाहीये. तिथं राहायचंय. उन्हात बसीन." थोडा दम घेऊन ती म्हणाली, "तुझ्या अण्णांनी अर्धं ग्वाल्हेर फिरवलं. मला तेवढं ठेवलं या कोहऱ्यात, या धुक्यात. आणि स्वतः तिथंच राहिले. आता मी माझी जाते. तू येतेस तर ये, नाही तर दुकान कर."

तिचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांनी तुमच्यावर कुणी चिडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला तिचा हेवा वाटला. हो, हेवाच. तिला अजून तुमचा राग येतो.

आज सकाळी मी घरीच बुकिंगला बसले. खालच्या मजल्यावरची खोली, पूर्वेला खिडकी, जवळ दवाखाना, सगळं पाहिलं. हॉटेलवाल्यानं फोनवर विचारलं, पहले कभी आए हैं? मी दुकानात बसून अख्ख्या जगाची माहिती देते, कुठं गेले नाही हे कुणाला सांगत नाही. त्याला म्हटलं, नाही, आम्ही दोघीही पहिल्यांदाच येतोय. फोन ठेवून मी पाणी प्यायले. रडू मात्र आलं नाही.

आई मागं येऊन उभी होती. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "परतीचं नको काढूस," ती म्हणाली. "माझं तरी नको." तिला डॉक्टरांचं दाराबाहेरचं बोलणं ऐकू गेलं होतं की तिचं तिलाच कळलं होतं, ते मी विचारलं नाही. "बरं," म्हटलं. ती गोळ्या घ्यायला आत गेली.

हे पत्र मी कुठं पाठवणार, अण्णा? लिहून झालं की फाडून टाकीन. पण तुम्हाला एक सांगते. ती आत गेल्यावर मी परतीची तिकिटं काढली. दोघींची. थंडी सरल्यानंतरची, शेजारशेजारच्या सीटची. आईला सांगितलेलं नाही. तिकडं भेट झालीच, तर तुम्हीही सांगू नका.