फाटकाच्या आतली देवी

तीर्थस्वरूप गेणूदादा,

तुला आणि वहिनीला रत्नाचा नमस्कार. मी मॉरिशसला सुखरूप पोचले. मालकांनी इथं समुद्राकाठी सुट्टीसाठी घर घेतलंय, तेच लावायला बाईंनी मला सोबत आणलंय. खाण्यापिण्याचं काही कमी नाही. ऊन लई आहे, पण वाराही आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

घराच्या आवारात झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे. काल एक म्हातारी फुलं घेऊन फाटकाबाहेर उभी होती. ही जमीन आधी तिचीच. तिची बोली हिंदीसारखी, मला कळली. "देवी आत राहिली," म्हणाली. मी फाटक उघडलं. तिनं फुलं वाहिली, आणि जाताना माझ्याच पाया पडायला वाकली.

दादा, घाटघरचं वरचं वावर रिसॉर्टवाल्यांना द्यायला मीही सही देते म्हणाले होते. आता माझी सही धरू नकोस. आपला वाघोबा देव त्याच बांधावर आहे. वाघबारशीच्या पूजेला आई खिरीचं पातेलं घेऊन कुणाच्या फाटकावर उभी राहील?

तुझी,
रत्ना