सामायिक कादंबरी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे तेवीस, उद्याच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेला भीत असले तरी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. (दडपण आणणाऱ्या आईला चहा करायला पाठवले आहे.)

१. माझी पुस्तके धाकट्या भावाला द्यावीत. ती त्याने वाचावीत अशी अट घालून मृत्युपत्राची थट्टा करणार नाही. शब्दकोश मात्र उशाला घेऊ नये, मान धरते.

२. माझे पेन मराठीच्या बाईंना. "धर्मावर लिहायचं तर हसू आवर," असे त्यांनी बजावले होते. हसू आवरले नाही. ऱ्हस्व-दीर्घ आवरले, ते त्यांच्यामुळेच. मी त्यांची ऋणी आहे.

३. माझी कादंबरी 'सर्व हक्क देवाधीन'. तीत सर्व धर्मांची विश्वैक्याची परिषद पहिल्या रांगेत कोणी बसायचे यावरून मोडते आणि अखेर खुर्च्याच बाहेर काढल्यावर पार पडते. ती वाचून बाबा म्हणाले, "शेजाऱ्यांचं फर्मास जमलंय. आपलं प्रकरण तेवढं काढ, बाळ." शेजारचे शिंपीकाका दुसऱ्या धर्माचे. ते म्हणाले, "तुझ्या बाबांच्या लोकांचं माप अचूक घेतलंस, पोरी. आमचं तेवढं उसव." दोघांचे ऐकले तर छापायला मुखपृष्ठच उरेल.

प्रार्थनेच्या आवाजावरून या दोघांचा कित्येक वर्षे अबोला आहे. मला दम लागायचा म्हणून बाबांनी मला खांद्यावरून वाचनालयात नेले. पुस्तक मावावे म्हणून काकांनी माझ्या प्रत्येक झग्याला मोठा खिसा शिवला. अशी माणसे एकमेकांना वाईट समजतात, हे मला कधी खरेच वाटले नाही. कादंबरीतली आशा मी त्यांच्याकडूनच उचलली आहे.

४. म्हणून कादंबरी दोघांना सामायिक देते. बाबांच्या धर्मावरचे प्रकरण वगळण्याचा अधिकार फक्त काकांना आणि काकांच्या धर्मावरचे वगळण्याचा फक्त बाबांना राहील. ज्याला आपले प्रकरण नको असेल, त्याने दुसऱ्याचे दार वाजवावे, आत बसून ते मोठ्याने वाचून दाखवावे आणि मग विनंती करावी. निरोप्या म्हणून आईला पाठवू नये.

५. मी सुखरूप घरी आले, तर हे मृत्युपत्र रद्द समजावे. कलम चार तेवढे माझ्या हयातीतही लागू राहील. वाचन चालू असताना मी समोर बसणार नाही, मला संकोच वाटतो. दाराआडून ऐकेन.

सही: घरात जिला 'घुमी' म्हणतात ती
स्थळ: आमची मागची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, सकाळ

साक्षीदार:
१. दवाखान्यातील परिचारिका (सही, संध्याकाळी दाखल करून घेताना)
२. ग्रंथपाल (सही). कादंबरी वाचली. तीत माझ्या धर्मावर एक ओळही नाही, याबद्दल तक्रार नोंदवून सही करीत आहे.