डाव्या मागच्या शॉकअपचं तेल

२ फेब्रुवारी, रविवार

आमचा पोरगा आदिनाथ गाडी घेणार म्हणतो. जुनी. आणि ती कसली, तर स्पोर्ट्स कार! दोन दारं, बूड जमिनीला टेकायला आलेलं. म्हणालो, घरापर्यंतच्या पवनेच्या रस्त्याला असल्या गाडीत बसून तुझी पाठ शिल्लक राहील का? तर म्हणतो, "आबा, तिला अडॅप्टिव्ह सस्पेन्शन आहे." म्हणजे काय? तर गाडी रस्ता ओळखते आणि शॉकअप आपोआप मऊ-कडक करते. खड्ड्यात मऊ, वेगात कडक. वर एक बटणही आहे, आपल्याला पाहिजे तसं ठेवायला.

पस्तीस वर्षं मी कामशेतला हायवेच्या कडेला ट्रकचे कमानपाटे बसवले. शिक्षण चौथी. पण गाडीचं कुठं दुखतं ते मला हात लावून कळतं. रस्ता ओळखणारी गाडी मी बघितली नाही. रस्ता ड्रायव्हरनं ओळखायचा असतो.

गाडी लोणावळ्यातल्या एका बंगलेवाल्या शेठची. शोधून दिली विठ्ठलनं. विठ्ठल अकरा वर्षं माझ्या हाताखाली होता. आता लोणावळ्यात त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, बंगल्यांच्या गाड्या तोच बघतो. त्याला यात काय मिळणार, ते कोणी बोलत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

विठ्ठलला फोन केला. नुसतं गाडीचं नाव काढलं तर लगेच – "भाऊ, चारी शॉकअप कोरडे हायेत. मी सोता पुसून बघितलेत." मी शॉकअपचं विचारलंच नव्हतं!

शेठ गाडी का विकतो, विचारलं. "त्यांची कंबर धरलीय. इतकं खाली वाकून बसाया जमत न्हाई." गाडी एवढी मऊ, तरी कंबर धरली? लिहून ठेवतो.

आदिनाथ कंपनीतून आला तेव्हा पुन्हा तोच विषय. पुण्यात अशीच दुसरी गाडी आहे, साध्या शॉकअपची. ती घे म्हणालो. हिचा एक शॉकअप गेला तर तसाच मिळायला दोन-दोन महिने. साधा बसवला तर समोर कायमचा दिवा पेटून राहणार आणि बटण मेलेलं. हे सगळं त्यानंच मोबाईलवर वाचून सांगितलं. तरी म्हणतो, "पण आबा, फरक आहे. एकदा बसून बघा."

५ फेब्रुवारी, बुधवार

त्याची आई सरूबाई म्हणते, "अवो, घिऊ द्या की त्याला. चौतीस वर्सांचा बाप्या हाय त्यो." घाटातून मी ओढून आणलेल्या चेपलेल्या गाड्यांत सगळे बापेच होते.

९ फेब्रुवारी, रविवार

लोणावळ्याला जाऊन आलो. नीट लिहितो.

शेठ बंगल्याच्या दारातच उभे. हातात काठी, चहा घ्या, बिस्कीट घ्या. गोड माणूस. गोड माणसाची गाडी मी आधी खालून बघतो. बॉनेटला हात लावला, इंजिन गरम. आम्ही येण्याआधीच कोणीतरी फिरवून आणलेली. विठ्ठल म्हणाला, "मीच आणली भाऊ, बॅटरी उतरली व्हती." असेल.

कोपऱ्याकोपऱ्यावर वजन टाकून दाबलं. एकदा उठली आणि थांबली. चारी बाजूंना तसंच, म्हणजे शॉकअप ठीक. टायर चारही सारखे झिजलेले. वेल्डिंग कुठं नाही, रंगाचा फरक नाही. ठोकलेली गाडी नाही. इतकं चांगलं बघून जास्तच काळजी वाटायला लागली.

मग आदिनाथनं चालवली, मी शेजारी. आधी भुशीकडचा खराब रस्ता. खड्डे डोळ्यांना दिसत होते, पाठीला लागत नव्हते. त्यानं बटण दाबलं, गाडी आवळल्यासारखी झाली, बारीक खडाही कळायला लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा मऊ. खोटं कशाला लिहू, असलं काम मी जन्मात बघितलं नाही. ज्यानं केलं त्याच्या हाताला नमस्कार.

मग एक्सप्रेसवेवर घेतली. मी डोळे मिटून बसलो होतो. विचारलं, किती आहे? सत्तर असेल असं मला वाटलं. "एकशे तीस, आबा." हसत होता. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात हसायचा तसाच.

ट्रकवाले माझ्याकडे यायचे, म्हणायचे, मिस्त्री, पाटे मऊ करा, पाठ मोडते. मी करायचो, पण सांगायचो – पाठीला लागतं म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय सुटतो. या गाडीत पाठीला लागतच नाही. मग पाय कशानं सुटायचा?

परत आलो. शेठ आणि आदिनाथ आत कागद बघायला गेले. विठ्ठल जॅक लावून हात धुवायला गेला. मी डिपस्टिक काढून इंजिनचं तेल बघितलं. मग मागं खाली आडवा झालो. डाव्या मागच्या शॉकअपला तेल दिसलं. आदिनाथला बोलावून दाखवलं. बॅटरीच्या उजेडात चांगलं चमकत होतं. "लीक आहे," म्हणालो. विठ्ठल पाण्याचे हात तसेच घेऊन उभा राहिला.

एवढंच झालं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आदिनाथनं शेठला नाही म्हणून कळवलं. मला म्हणाला, "बरं झालं तुम्ही होता." मला जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुण्याची साध्या शॉकअपची गाडीही त्याला नको. "लोणावळ्याच्या गाडीत बसल्यावर आता तीच मनातून जायची नाही," म्हणतो. गाडीचं खूळ सुटलं तर सोन्याहून पिवळं.

पण दुसरंच ऐकलं. शेठनं विठ्ठलला झापलं. लीक लपवून गाडी गळ्यात मारत होतास, माझं नाव खराब केलंस. आपल्या दोन गाड्या त्याच्याकडून काढून घेतल्या. शेजारच्या बंगल्यांतही सांगितलं. आदिनाथ म्हणाला, "चूक त्याचीच आहे ना आबा?"

मी पेपर वाचत होतो. पान उलटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

विठ्ठल आला होता. सकाळीच. सरूबाईनं चहा टाकला, त्यानं कप खाली ठेवला तो तसाच राहिला. खिशातून चिंधी काढून माझ्यापुढं धरली.

"भाऊ, त्या शॉकअपचं पुसून ठेवलंय. वास घेऊन बगा."

नको म्हणालो, सर्दी झालीय.

"इंजिनाचं तेल हाय. शॉकअपचं न्हवं. शॉकअपचं असं काळं नसतंय, तुमीच शिकिवलंय. पुसल्यापासून हप्ता झाला, थेंब आला न्हाई. सील चांगलं हाय."

मी म्हणालो, मग शेठला जाऊन सांग.

"शेठ ऐकंना. म्हणतो, आता पुसून आणलंस." त्यानं आपले हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाला, "माझाच घाण हात लागला आसंल, भाऊ. सर्विसिंग केली तवा. तुमाला दिसलं ते तुमी सांगितलं. तुमचा काय दोष न्हाई. फकस्त येवढंच सांगाया आलतो, की मी तुमाला फसवाया बघत न्हवतो."

जाताना पाया पडला. मी पाय मागं घेतले.

सरूबाई विचारते, "त्यो रडत व्हता काय?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

अकरा वर्षांत त्यानं एकदाही न पुसता हत्यार पेटीत ठेवलं नाही. त्याचा घाण हात लागेलच कसा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आदिनाथला रजा टाकायला लावली, लोणावळ्याला घेऊन गेलो. विठ्ठलला गॅरेजातून उठवून शेठच्या बंगल्यावर नेलं. तिघांपुढं सांगितलं – डिपस्टिकचं तेल होतं, बोट माझं होतं. का, ते शेठनं विचारलं. मी आदिनाथकडे बघितलं. शेठनं तिथल्या तिथं विठ्ठलचा हात धरला. विठ्ठल माझ्याकडे बघेना.

येताना घराकडं वळायचं कामशेत मागं गेलं तरी आदिनाथला कळलं नाही. वडगावला त्यानं गाडी बाजूला घेतली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला नाही.

"म्हणजे गाडी चांगली आहे, आबा?"

मिस्त्री म्हणून विचारत होता. हो म्हणालो.

शनिवारी तो गाडी आणायला जातोय.