पाणवठा क्रमांक चौदा

सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४. सकाळी ९.४०
काशीगावच्या मागे वनखात्याची चौकी आहे. तिच्या पायरीवर बसून पेन ड्राइव्ह रुमालात गुंडाळत होतो, तेवढ्यात इथल्या वनाधिकारी मॅडम आल्या. मी उभा राहिलो तर पेन ड्राइव्ह खाली पडला. पहिलाच दिवस.
काम असं: जंगलाचा पुढच्या दहा वर्षांचा आराखडा टाइप करायचा. करार ३१ मेपर्यंत. मॅडम म्हणाल्या, "शिक्षण?" मी म्हटलं, अकरावीत सोडलं. "टायपिंग?" मराठी चाळीस. "शुद्धलेखन?" त्याला मी घाबरत नाही, म्हटलं. हसल्या.
लोखंडी कपाट उघडून दिलं. वरपासून खालपर्यंत रजिस्टरं. काहींना वाळवी. मी सगळ्यांवर नंबर घालून ठेवले, कोणी सांगितलं नव्हतं.

बुध. १४ फेब्रु.
कपाटात फार जुना आराखडा सापडला, टाइपरायटरवरचा. कागद बिस्किटासारखा झालाय. त्यात प्रत्येक खोऱ्यात काय करायचं ते लिहिलंय: इथे रोपं, इथे बांध, इथे पायवाट. एका ओढ्यासमोर मात्र एकच ओळ: "येथे काही करू नये."
ज्या साहेबांनी हे लिहिलं ते आता कुठे असतील? पण त्या ओढ्याकाठी त्यानंतर कोणी खरंच काही केलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, आज सगळ्यात दाट जंगल तिथेच आहे. एवढ्या एका ओळीने.
मी आयुष्यात जे लिहिलं ते लग्नपत्रिका आणि भाडेकरार.
नव्या प्रती काढायला जिग्नेशभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. पूर्वी तिथेच कामाला होतो. विचारतात, "शेर-बिर दिखा क्या?" म्हटलं, शेर नहीं है भाई, बिबट्या है. "एक ही बात है ना, खाता तो दोनों है."

मंगळ. २० फेब्रु.
मॅडम परभणीकडच्या. डबा उभ्यानेच खातात, एका हातात पेन्सिल. आज मला कारवीबद्दल सांगितलं. डोंगरउतारावरचं झुडूप. सात-आठ वर्षं नुसतं वाढतं, मग एकदाच सगळं रान जांभळं करतं आणि मरतं. "यंदा फुलेल. आपला आराखडा लागू होईल तेव्हा ती वाळलेली असेल. पुन्हा फुलेल ती आराखड्याची मुदत संपत आल्यावर. तेव्हा मी कुठल्या जिल्ह्यात असेन, देव जाणे. पण तिच्या उतारावर कोणी वाट पाडू नये, हे आजच लिहून ठेवायचं."
आपल्याला बघायला मिळणार नाही अशा गोष्टीची इतकी काळजी घेणारं माणूस मी पहिल्यांदा बघतोय.
आईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे झाडांचं काय लिहायचं असतं एवढं? ती आपली आपण वाढतात." आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं. हे रोज.

मंगळ. २७ फेब्रु.
पाणवठ्यांची रजिस्टरं. वनरक्षक फिरतीवर जातात, दर महिन्याला नोंद करतात: पाणी आहे, कमी आहे, आटले. त्यावरून कॉम्प्युटरवरचा तक्ता भरायचा. शेवटचा रकाना: बारमाही की हंगामी. तो भरल्याशिवाय तक्ता पुढे सरकत नाही.
क्र. १४, आंब्याचा डोह, अडला. पाच वर्षांच्या नोंदी, सगळ्यांत मेचा रकाना कोरा. एप्रिलपर्यंत "पाणी आहे", जूनमध्ये पुन्हा "पाणी आहे". "आटले" कुठेच नाही. पाचही वर्षं उलटसुलट बघितली. मॅडम फिरतीवर. आटल्याची नोंद नाही म्हणजे आटत नसणार. बारमाही केलं.
एकही चौकट कोरी नाही. तक्ता दिसायला फार सुंदर झालाय.

सोम. ११ मार्च
मॅडमनी सगळ्यांसमोर माझा तक्ता वर धरून दाखवला. "असं काम पाहिजे." कान गरम झाले.
मग त्यांनी त्या तक्त्यावरून ठरवलं. उन्हाळ्यात जंगलात सिमेंटच्या टाक्यांत पाणी भरतात. पण जिथे स्वतःचं बारमाही पाणी आहे तिथल्या टाक्या नवा आराखडा लागू झाल्यापासून बंद. कारण विचारलं तर रागावल्या नाहीत, खुर्ची ओढून बसल्या. टाकीवर सगळी जनावरं एका जागी गोळा होतात, एकमेकांचे आजार घेतात, लांबचं पाणी शोधायची सवय मोडते. जिथे गरज नाही तिथे माणसाने हात लावू नये.
बंद होणाऱ्या टाक्या तीन. त्यांत क्र. १४.
मी ते पान टाइप केलं. वाक्य चांगलं उतरलं.

गुरु. २८ मार्च
मसुदा वरच्या ऑफिसात गेला. फाइल तीनदा सेव्ह केली, दोन सीडी, एक पेन ड्राइव्ह. मॅडमनी सगळ्यांना वडापाव दिला.

शनि. ६ एप्रिल
परिशिष्टात लावायला पाणवठ्यांचे फोटो हवेत. मॅडमनी मला लाडक्या काकांबरोबर पाठवलं. लाडक्या हे त्यांचं नाव. काका वनमजूर आहेत, जंगलातल्याच पाड्यावर राहतात. साठीचे असतील. पायात प्लास्टिकची चप्पल, तरी मी बूट घालून मागे.
पहिल्यांदाच एवढा आत गेलो. भाईंदरला खारी गावात आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे पाइप दिसतात. इथे डोंगराच्या धारेवर उभं राहिलो तर एका बाजूला खाडी आणि टॉवर, काड्यापेट्या उभ्या करून ठेवल्यासारखे. दुसऱ्या बाजूला वळलो तर टॉवर नाहीच. डोंगरामागे डोंगर, सगळी झाडंच. आवाज फक्त पानांवरचा, आमच्याच पायांचा. दोन महिने मी हे चौकटींत भरत होतो. चौकटीत हे काहीच नव्हतं.
काका थांबून दाखवतात. सांबराने झाडाला अंग घासलंय तिथे साल गुळगुळीत. बिबट्याची विष्ठा, केसाळ, पांढरी. मी मागे सरकलो. "आरं ती काल रातीची हाय. तो आता झोपला आसल. तुज्यासारका नोकरीवर न्हाय तो."
दुपारी क्र. १४. मोठ्या आंब्याखाली डोह, गुडघाभर पाणी, हिरवट. काठाला सिमेंटची टाकी. फोटो काढताना मी आपलं म्हटलं, काका, हे बारा महिने असतं ना.
"कोन बोलला?"
रजिस्टरमध्ये आटल्याचं नाही.
"मे लागला का चिखल. मंग तोबी न्हाय."
मग मे महिन्यात जनावरं?
"मी वततो ना. ट्यांकर येतो वरच्या रस्त्यापर्यंत, तितून मी क्यान घेऊन खाली. ही टाकी मीच भरतो."
मग गार्डसाहेब मेमध्ये लिहीत का नाहीत?
"मे म्हयन्यात गार्ड कुठं येतो इकडं? समदे वनव्यावर. त्या अंगाला आग लागते, इकडं कोन बगतो? आला न्हाय, मंग लिवनार काय?"
परत येताना काका काय काय दाखवत होते. मी बघितलं नाही.

सोम. ८ एप्रिल
कोरा रकाना म्हणजे तिथे कोणी गेलं नव्हतं. एवढंच. आणि मी त्यावर बारमाही लिहिलं.
टाकी बंद झाली तर दहा मे महिने. दहा. त्या खोऱ्यात दुसरं पाणी कुठे, नकाशावर बघितलं. धार ओलांडून पलीकडे, मग हायवेकडे. पाण्याला निघालेलं जनावर हायवेवर...
मॅडम ऑफिसात होत्या. दोनदा दारापर्यंत गेलो. सांगितलं नाही.

मंगळ. ९ एप्रिल. पाडवा
आईने श्रीखंड केलं. दोन चमचे खाल्ले. आई म्हणाली, "ऑफिसात काय घोळ घातलास का?" तिला कसं कळतं. म्हटलं, तक्त्यात एक चूक झाली. "मग जाऊन सांग. ओरडतील, नाहीतर काढून टाकतील. मारणार तर नाहीत ना?" मग म्हणाली, मारतील का? ती स्वतःच घाबरली.

बुध. १० एप्रिल
सांगितलं. उभ्यानेच, रजिस्टर उघडून. सगळं, अगदी तक्ता सुंदर दिसावा असं वाटलं होतं तेही.
मॅडमनी त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "रिकामं होतं तर रिकामं का नाही सांगितलंस?"
कॉम्प्युटर घेत नव्हता.
"कॉम्प्युटर घेत नव्हता! मी घेतलं असतं ना. माहीत नाही, असं लिहायची लाज वाटते का आपल्याला?"
मग हळू: "मीही बघितलं नाही. मे महिन्यात तिथे कोणी जात नाही, हे मला माहीत होतं. तक्ता इतका नीटनेटका होता की मी विचारलंच नाही."
मला वाटलं होतं ओरडतील. हे जास्त लागलं.
लाडक्या काकांना बोलावलं. बाकीच्या दोन टाक्यांचं विचारलं. काका म्हणाले, तितं बारा म्हयने पानी हाय, मी सोता पितो. मग काकांना खुर्चीवर बसवून मॅडमनी बाकीच्या सगळ्या पाणवठ्यांचं एकेक करून विचारलं. दोन तास. काका चहा बशीत ओतून पीत सांगत होते. मी लिहीत होतो. जे काकांना माहीत नाही, ते "माहीत नाही" असंच लिहिलं. असे चार निघाले.

शुक्र. १२ एप्रिल
शुद्धिपत्रक तयार. मॅडमनी कच्चं मला हाताने लिहायला लावलं, टाइप नंतर. मी लिहिलं होतं, "टंकलेखकाच्या चुकीमुळे." त्यांनी पेन्सिलने खोडून केलं, "या कार्यालयाच्या चुकीमुळे." खाली स्वतःची सही.
मी म्हटलं, मॅडम, चूक माझी आहे.
"तुझीच आहे. पण तुझ्या नावाने गेलं तर तिकडे म्हणतील, टायपिस्टची चूक, आणि फाइल बाजूला ठेवतील. माझ्या नावाने गेलं तर वाचावं लागेल."
त्यांच्या गोपनीय अहवालात हे जाईल म्हणे. बाहेर कारकून बोलत होता.

मंगळ. ३० एप्रिल
वरून फोन. मॅडमनी स्पीकर लावला. तिकडचे साहेब शांतपणे बोलत होते. एका मजुराच्या तोंडी सांगण्यावर आराखडा बदलता येत नाही. लेखी नोंद हवी. तीन उन्हाळ्यांची, तारीखवार, प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या सहीने. तोपर्यंत क्र. १४ पुढे "फेरतपासणी" लिहितो. नोंद आली नाही तर मूळ तसंच लागू. तोवर टाकी चालू राहील.
मॅडम फोन ठेवून म्हणाल्या, "बरोबर बोलले ते." मला राग आला होता. त्या म्हणाल्या, "आपण कोऱ्या रकान्यावर विश्वास ठेवला. त्यांनी आपल्या शब्दावर ठेवावा का?"
काका बाहेर बसले होते. सांगितलं. म्हणाले, "तीस वरीस मी वततोय. तवा कोनी सही मागली न्हाय." हसले, पण त्या दिवशी चहाला थांबले नाहीत.

शनि. ११ मे
काकांबरोबर क्र. १४. मी दोन कॅन घेतले, काकांनी चार. उतारावर मी दोनदा बसलो. काका: "आरं, तू टाइपच कर."
डोह चिखलाचा. मध्ये ताटाएवढं पाणी, त्यात माशा. काठावर खुरांच्या खुणा, लहान-मोठ्या, एकावर एक. बिबट्याची एक, बोटं स्पष्ट. टाकी कोरडी होती. काकांनी ओतलं तेव्हा सिमेंटने आवाज केला, तापलेल्या तव्यासारखा.
आम्ही लांब, करवंदीच्या मागे बसलो. काकांनी तोंडावर बोट ठेवलं. तासभराने एक सांबर मादी आली. थांबली, कान फिरवले, परत थांबली. मग प्यायली. पाणी घशातून उतरताना दिसत होतं. फोटो काढायचं सुचलं नाही.
रजिस्टरात लिहिलं: ११ मे २०२४. चिखल. पाणी अंदाजे एक ताट. टाकी भरली. सही माझी. काकांचा अंगठा. मेच्या रकान्यातली पहिली नोंद.

रवि. १९ मे
आटले. चिखलाला भेगा. लिहिलं. फोटोही, तारखेसकट.

शुक्र. ३१ मे
करार संपला. कपाटाची चावी दिली. मॅडमनी विचारलं, पुढे काय. आईने भाईंदर पूर्वेला भांड्यांच्या कारखान्यात, पॉलिशच्या गाळ्यावर, विचारून ठेवलंय. सोमवारपासून.
मॅडमची बदली कदाचित या पावसाळ्यानंतर. काकांचा गुडघा सुजलाय, मुलगा म्हणतो आता बस करा. वनरक्षक मेमध्ये वणव्यावर असणारच, असायलाच हवेत. उरलेले दोन उन्हाळे कोण लिहिणार? हे मॅडमनी विचारलं नाही. मीही बोललो नाही. त्यांनी क्र. १४ चं रजिस्टर मात्र कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवलं.
दुपारी पाड्यावर जाऊन काकांना भेटलो. म्हटलं, मी येऊ का पुढच्या वर्षी? काका म्हणाले, "येशील रं. पन लगीन होल तुजं, मंग बायको सोडल व्हय रानात?" मग म्हणाले, वाट ध्यानात हाय का, सांग बरं. मी सांगितली. एका ठिकाणी चुकलो. त्यांनी काठीने मातीत काढून दाखवलं. परत सांगितली. बरोबर आली.
येताना गाळ्यावर जाऊन आलो. मालकाने कामाची वेळ सांगितली, जेवणाची सुट्टी सांगितली. मी एवढंच विचारलं, साप्ताहिक सुट्टी कधी? शुक्रवारी, म्हणाले.
२०२५ च्या मेमध्ये शुक्रवार पाच. २०२६ च्या मेमध्येही पाच. मोबाईलवर दोनदा तपासलं.